सर, तुमची हरकत राहिली

सर,

तुमच्या शोकसभेची सगळी व्यवस्था मीच केली. सभागृहाची परवानगी, तुमचा फोटो मोठा करून आणणं, हार, पाण्याचे जार, कोण कोणानंतर बोलणार आणि किती वेळ. कुलगुरूंना आधी बोलू द्यावं, म्हणजे त्यांना जाता येतं आणि मागे उरलेल्यांना मोकळं बोलता येतं, हे तुम्हीच शिकवलेलं. खुर्च्या मात्र कमी पडल्या. आपल्या विभागाच्या सगळ्या वर्गांतल्या आणून लावल्या तरी पुरेनात, म्हणून शेजारच्या परीक्षा विभागातून मागवल्या. शिपाई म्हणाला, "मॅडम, पेपर सुरू हायेत ना, खुर्च्याइले नंबर चिकटले हायेत." म्हटलं, असू देत. सगळी मोठमोठी मंडळी आपापल्या बैठक क्रमांकावर बसून तुमच्याविषयी ऐकत होती. तुम्ही असता तर मागून येऊन हळूच म्हणाला असता, "मॅडम, पर्यवेक्षक कोन हाये?" मला ते अगदी ऐकू आलं आणि मी हसले. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी ते पाहिलं. पाहू दे.

मी बोलले नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि शोकसभेत आभार मानायचे नसतात, त्यामुळे मला जागाच उरली नव्हती. बोलले ते सगळे चांगलं बोलले. वऱ्हाडात व्यवस्थापनाचं शिक्षण आणणारे, दूरदृष्टीचे, सगळ्यांचे सर. त्यांतल्या एकाचंही तुमच्याशी कधी भांडण झालं नव्हतं, हे प्रत्येक भाषणात कळत होतं.

दूरदृष्टी हा शब्द मीही लिहिला होता. विभागाच्या इतिहासाचं पुस्तक मी लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तेच होतं. ते तुम्हाला वाचून दाखवायला मी तुमच्या घरी आले. तुम्ही खुर्चीत मागे डोकं टेकून ऐकत होतात. पहिल्याच वाक्याला हात वर केलात.

"हे असं नाही."

"काय नाही, सर?"

"दूरदृष्टी-बिरदृष्टी काही नाही बाप्पा. वाणिज्यवाल्यायनं आपल्याले दोन खोल्या देल्या, कारन त्या गळत व्हत्या. त्यायले वाटलं, पावसाळा आला की हे लोक आपोआप जातीन."

"मग?"

"मंग काय. त्या वर्षी पाऊसच कमी झाला."

मी ते तसंच लिहिलं. खुर्च्या आपल्या नव्हत्या हेही लिहिलं. परीक्षा विभागाकडून उसन्या आणलेल्या, आणि परीक्षा आली की त्या परत जायच्या. मग आम्ही सतरंजीवर बसून विपणन शिकायचो आणि तुम्ही उभे राहायचात, कारण तुमच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नव्हतं. आता माळावर आपली स्वतःची इमारत आहे, दारावर इंग्रजी नावाची पाटी आहे, गार हवेचं सेमिनार सभागृह आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला नोकरीला जातात आणि विमानतळावरचे फोटो पाठवतात. हे सगळं पुस्तकात क्रमाने आलं आहे. क्रम लावणं मला जमतं. तुम्ही म्हणायचात, "मंजूले मरन आलं तरी ते पयले यादी करीन." यादी मी करते, सर. पण आधी गेलात तुम्ही.

पुस्तक वाचणाऱ्याला आपली पद्धत सांगावी लागेल म्हणून एक स्वतंत्र प्रकरण तिच्यावर केलं. दुसरीकडच्या व्यवस्थापनाच्या विभागांत परदेशातल्या कंपन्यांच्या केस स्टडी शिकवतात. आपल्याकडे विद्यार्थी अकोट, धामणगाव, अकोल्याच्या दुकानांत, कापसाच्या जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये जाऊन बसायचा, आणि तिथल्या मालकाच्या धंद्याची केस लिहायचा. मराठीत. आणि ती वर्गात शिकवण्याआधी त्या मालकाला त्याच्याच गादीवर बसून मोठ्याने वाचून दाखवायची. त्याला कुठेही थांबवून ‘हे असं नाही’ म्हणायचा हक्क. त्याने म्हटलं की तिथे बदल. त्याने ‘हाव, झालं’ म्हटल्याशिवाय केस फळ्यापर्यंत येणार नाही. मूल्यांकनाला आलेल्या समितीतल्या एका बाईंनी विचारलं होतं, असं खरंच करता याचा पुरावा काय? तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "चला अकोटले." त्या आल्या नाहीत, पण पुन्हा पुरावाही मागितला नाही.

अकोटचीच तर माझी केस होती. मी विद्यार्थिनी होते. जिनिंगवाल्या शेठनी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं जिनिंग टाकलं होतं आणि मी लिहिलं होतं की कापसाची वाढती आवक ओळखून मालकांनी विस्ताराचा निर्णय घेतला. माझ्या मते फार सुंदर वाक्य होतं. शेठनी डोळे मिटून ऐकलं, मग एक डोळा उघडला.

"पोरी, हे कोनी सांगितलं तुले?"

"आकड्यांवरून लिहिलं, काका."

"आवक-बिवक काही नाही. मोठ्या भावासंगं बोलचाल बंद झाली. एका गेटातून दोघं जाऊ शकत नव्हतो. म्हनून दुसरं गेट पाह्यलं. आता गेट केलं तं मांगं जिनिंग टाकाच लागलं."

मी खूश होऊन लिहून घ्यायला लागले. शेठ म्हणाले, "लिहू नको. माय हाये अजून घरात. तिले वाटते धंदा वाढला."

आणि शेजारी बसलेले तुम्ही लगेच मला म्हणालात, "खोड ते." शेवटी त्या केसमध्ये ‘कौटुंबिक कारणास्तव’ एवढंच राहिलं.

परतीच्या एस.टी.त मी तुमच्याशी भांडले. पहिलं भांडण. केसमध्ये मग राहिलं काय, असं मी विचारत होते. जी एकच गोष्ट खरी, तीच बाहेर. हे कसलं शिक्षण?

तुम्ही म्हणालात, "केसमधी नसन राह्यलं. तुयाजवळ राह्यलं ना."

"आणि पुढच्या वर्षीच्या मुलांचं काय?"

"त्यायले दुसऱ्या कोनाकडं पाठवू. गावात भाऊ कमी हायेत का?"

दर्यापूरपर्यंत मी भांडत होते. त्यापुढे तुम्ही झोपलात. खरंच झोपला होतात की सोंग होतं, ते विचारायचं राहून गेलं. पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले, नंतर विभागप्रमुख झाले, तरी ते भांडण काही संपलं नाही. मी म्हणायचे, समोर बसून वाचून दाखवायचं म्हटलं की लिहिणारा मऊ होतो. तुम्ही म्हणायचात, "होऊ दे ना मऊ. कडक व्हाले बाकीचं जग हाये." मी नावगाव बदलून केस लिहायचा तोडगा काढला. तुम्ही दोन पानं ऐकलीत आणि म्हणालात, "नाव बदललं, पन खोकला त्याचाच हाये." चारचौघांत मला मॅडम, अहो-जाहो, दार लोटलं की पुन्हा मंजू आणि तू. मला दोन्ही आवडायचं.

आता अकोल्याचं.

अकोल्याचा संध्याकाळचा वर्ग हे तुमचं सगळ्यांत लाडकं काम. व्यापाऱ्यांच्या एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी. कृषी केंद्रवाले, औषधाच्या दुकानाचे मालक, जिनिंगचे मॅनेजर, सासऱ्याचं कापडाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. शटर ओढून आलेली माणसं, हाताला अजून बियाण्यांच्या पिशव्यांचा वास. तुम्ही दुपारच्या गाडीने बडनेऱ्याहून जायचात आणि वर्ग संपला की मिळेल त्या गाडीने परत. कापसाचा हंगाम सुरू झाला की यांतला कुणी येऊ शकत नसे, म्हणून हंगामात तुम्ही वर्ग भरवायचाच नाहीत आणि उन्हाळ्यात दुप्पट घ्यायचात. विद्यापीठाच्या सत्रांत ते बसवताना माझी जी दमछाक व्हायची, ती परीक्षा विभागाला अजून आठवते. मीही तिथे काही वर्षं शिकवलं. वर्गात कधी शांतता नसायची. मी किंमत कशी ठरवावी ते शिकवत असायचे आणि मागच्या बाकावर दोघे खरोखरच किंमत ठरवत असायचे.

निवृत्त झाल्यावरही तुम्ही मंगळवारी-शुक्रवारी जात राहिलात, पण तो वर्ग विरळ होत गेला. तरुण मंडळी मोबाइलवर कोर्स करायला लागली. नव्या नियमांत पूर्णवेळ शिक्षक, हजेरी, संगणक कक्ष असं सगळं लागायला लागलं. आपले बाकीचे शिक्षक जायला नाखूश. शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावर मावतील इतकीच माणसं उरली होती. मी विभागप्रमुख होते. प्रस्ताव मीच तयार केला, मुद्दे मीच मांडले आणि वर्ग बंद केला. आजही मी तोच निर्णय घेईन. तुम्ही गेलात म्हणून मी तो बदलणार नाही, आणि बदललेला तुम्हालाही चालायचा नाही.

त्या बैठकीला माजी विभागप्रमुख म्हणून तुम्ही आला होतात. मी तयारी करून आले होते. तुम्ही काय काय म्हणाल याची यादी काढून प्रत्येकावर माझं उत्तर लिहून ठेवलं होतं. तुम्ही चहा प्यायलात, बिस्किटं कुणी आणली ते विचारलंत, आणि ठराव एकमताने झाला. बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला गाठलं.

"सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तुमचं बरोबर असन, मॅडम. मले पटलं नाही."

"का नाही पटलं?"

"सांगतो कधीतरी. आता तुमाले पुढची मीटिंग हाये."

पुढची मीटिंग खरंच होती.

नंतर मी विचारत राहिले. घरी आले की विचारायचे, विभागाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत विचारायचे. तुम्ही टाळायचात. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणालात, "हे पाय, तोंडी बोलन्यावर मी हरकत घेत नसतो. तू अकोल्याचं लिही. नीट लिही, तुया बाजूनं लिही. मंग मले वाचून दाखव. मी सांगतो काय नाही ते." म्हणून तर मी हे पुस्तक अंगावर घेतलं, सर. कुलगुरूंना वाटतं विभागाच्या वर्धापनासाठी घेतलं. मला तुमची हरकत ऐकायची होती.

बाकीची प्रकरणं एकेक करून तुम्हाला वाचून दाखवली. अकोल्याचं शेवटी ठेवलं, कारण कालक्रमाने ते शेवटीच येतं. तुमची रविवारची सकाळ ठरली होती. फोनवर म्हणालात, "ये, पन जेवून येऊ नको. लय वेळ लागन." त्या रविवारच्या आधीच तुम्ही गेलात. झोपेतच, असं तुमच्या घरी काकू म्हणाल्या.

प्रकरण छापायला द्यायचं होतं. पद्धत मोडायची नाही म्हणून विभागातल्या तरुण सहकाऱ्यांना एकत्र बसवून मी ते वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर एक जण म्हणाला, "परफेक्ट, मॅम." दुसरी म्हणाली, "खूप बॅलन्स्ड झालंय." मी म्हटलं, कुठे काही खटकलं का? नाही मॅम. नक्की? नाही मॅम. चांगली मुलं आहेत, मन लावून काम करतात. पण त्या खोलीत मला जितकं एकटं वाटलं तितकं तुमच्या अंत्ययात्रेतही वाटलं नव्हतं. आता या विभागात मला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. माझ्या घरी तर त्याच्याही आधीपासून नाही. मुलगा हैदराबादला आहे, तो फोनवर ‘बरोबर आहे, आई’ म्हणतो आणि ठेवतो.

तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी ऐका. त्यांनी हातानेच थांबवलं.

"मले नको वाचून दाखवू, मंजू. मी त्या क्लासच्या बाजूनं कधीच नव्हती. मंगळवार आला की मी एकटी जेवे, शुक्रवार आला की एकटी जेवे. तू बंद केला तं मले बरंच वाटलं."

"खरं सांगता?"

"हाव. मंग ते मंगळवारी घरी राहाले लागले. तुले काय सांगू बाई. कपाटं आवरत. माया डब्याइले चिठ्ठ्या लावल्या. तुरीच्या डब्याले तूर, साखरेच्या डब्याले साखर. म्हटलं, मले दिसत नाही का? तं म्हणत, नवीन माणूस आला तं?"

"कोण नवीन माणूस?"

"तेच तं."

आम्ही दोघी हसलो. तुमची खुर्ची काकूंनी खिडकीपासून हलवून भिंतीला लावली आहे. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या.

घरी येऊन मी ठरवलं की तुमची बाजू आपणच लिहावी. इतकी वर्षं ऐकलं आहे, जमायला हवं. अकोल्याच्या प्रकरणात माझ्या मुद्द्यांनंतर एक परिच्छेद घातला. विद्यापीठाने केवळ पदवी घेऊन गाव सोडणाऱ्यांचं असू नये. गावातच राहून धंदा करणाऱ्याला आठवड्यातून दोनदा विद्यार्थी होऊन बसायला एक जागा हवी. त्या जागेचं मोल प्रवेशसंख्येत मोजता येत नाही. हंगाम पाहून चालणारा वर्ग हा दोष नसून त्या भागाशी असलेलं इमान आहे. असं बरंच. चांगलं उतरलं. खरं सांगते, माझ्या बाजूपेक्षा चांगलं उतरलं. दोनदा वाचल्यावर मला माझ्या निर्णयाविषयी जरा अस्वस्थही वाटलं, आणि त्याचा आनंद झाला. वाटलं, हेच तुम्हाला म्हणायचं होतं.

ते घेऊन काल पुन्हा काकूंकडे गेले. म्हटलं, हे तेवढं ऐका, हे माझं नाही, सरांचं आहे. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता ऐकत होत्या. अर्ध्यातच त्यांनी मान हलवली.

"हे त्यायचं नाही."

"काय चुकलं, काकू?"

"यात सारं एकाले एक लागते. ते बोलत तं एक गोष्ट दुसरीले कधी लागत व्हती का? मधातच तिसरं काही. हे तुयंच हाये, मंजू. त्यायचं नाव देऊन तूच बोलून राह्यली."

मी कागद खाली ठेवला. काकूंनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"अन् ते काय म्हणत ते मी सांगू का तुले? त्या मीटिंगहून आले ना, त्या दिवशी. चपला काढल्या अन् पयलेच म्हणाले, ‘मंजूचं बरोबर हाये.’ अन् मंग सुरूच झाले. दोन घंटे. चहा थंडा झाला. मी म्हटलं, मले कायले सांगता, तिलेच सांगा ना. तं म्हणे, तिले आता नाही, ते लिहीन तवा मी सांगीन, आता सांगितलं तं ते लगेच दुरुस्ती करून टाकन."

"काय सांगितलं, काकू? दोन तास काय बोलत होते?"

 काकूंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"मी आयकत नव्हती ना बाई. माई सिरीयल सुरू व्हती."

सर, तुम्ही ते बोलला होतात. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि ते त्या खोलीतच संपलं. काकूंना रडू आलं, म्हणून मी मेथी पुढे ओढली. मला नीट निवडता येत नाही; त्यांनी डोळे पुसत माझ्या ताटातल्या काड्या बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, हे असं नाही, देठ मोडून पाहा लागते.

घरी येऊन मी तो परिच्छेद काढून टाकला. आता अकोल्याच्या पानांवर फक्त माझी बाजू आहे. मुद्देसूद आहे, तपासलेली आहे. उद्या छापखान्यात जाईल.

परवा संध्याकाळी काकूंनी जेवायला बोलावलं आहे. पुढेही येत जा म्हणाल्या. ऐकत नसल्या तरी तुमचा आवाज दोन तास कानावर पडतच होता, त्यातलं एखादं काही त्यांना आठवेल असं मला वाटतं. कुठलं गाव, कुणाचं नाव, निदान मधलंच तिसरं काही. नाहीच आठवलं तर दोघी मिळून सिरीयल बघू.